थंडीतल्या चित्रात नसलेली वस्ती

परभणी जिल्हा मला तोंडपाठ होता आणि तिथं मी कधीच गेले नव्हते.

पुण्यातल्या एका कार्यालयात मी उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करते. पूर आला तर पाणी कुठवर चढेल, कुठली घरं आधी बुडतील, माणसांना कुठल्या वाटेनं बाहेर काढायचं, हे त्या नकाशांवरून ठरतं. परभणीच्या नदीकाठच्या गावांचं काम माझ्याकडं होतं. चार महिने खुर्चीत बसून मी तिथलं एकेक छप्पर मोजलं. पुढच्याच पावसाळ्यात तिथं मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर, नकाशा जागेवर जाऊन पडताळायचा आणि नुकसानीची नोंद करणाऱ्यांना मदत करायची, असं ठरलं आणि ऑक्टोबरात मी निघाले. आठ दिवसांचं काम होतं. परत आल्यावर महिनाभर मी त्याबद्दल कुणाशी धड बोलू शकले नाही. आता लिहायला बसले आहे.

येलदरी

नदी वरून खाली बघत जायची म्हणून सुरुवात येलदरीच्या धरणापासून केली. नकाशात हे धरण म्हणजे एक काळसर डाग. प्रत्यक्षात भिंतीजवळ उभं राहिल्यावर आधी वारा लागला, मग पाण्याचा वास आला. काठावर जाळी वाळत पडली होती. एका टपरीत जेवायला बसले तर बाईंनी ताटात मासळीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी वाढली. आमच्याकडं पुण्यात भाकरी म्हणजे पाहुणीच. इथं तिसरी भाकरी नको म्हटल्यावर बाईंनी माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"पोट बिघडलंय का, ताई?"

शेजारी एक म्हातारे मच्छीमार बसले होते. मी पुराचं काम करते म्हटल्यावर ते म्हणाले, "पानी दिसतंय तेवढं गरीब न्हाई. आमी जल्म काढला ह्याच्यावर, तरी बी भ्याव वाटतंय." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला त्या वेळी भीतीबिती काही वाटत नव्हती. माझ्या पिशवीत टॅबलेट होता, त्यात नकाशा होता.

पोखर्णी

परभणीहून पोखर्णीला गेले. सकाळीच नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि मग जवळच्या एका ओढ्याकाठच्या शेतात पडताळणी सुरू केली. शेतकरी पन्नाशीचे, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. त्यांनी मला बांधावरच्या बाभळीपाशी नेलं. "हितवर आलतं बगा. ह्या खोडापतुर."

मी टॅबलेट उघडला. निळ्या रंगाची कड त्या बाभळीपासून पाच-सहा पावलांवर होती. पाच-सहा पावलं! आकाशातून काढलेल्या चित्रावरून, पुण्यात बसून. मी त्यांना दाखवलं, त्यांनी पोरांना बोलावून दाखवलं. सोयाबीन तर सगळं गेलं होतं. शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले होते, कुजका वास येत होता. तरी त्या माणसानं माझं कौतुक केलं. "वरून इतकं बारीक दिसतंय म्हनायचं!"

त्या दिवशी मी फार खुशीत होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते.

चुडावा आणि पुढं

चौथ्या दिवशी चुडाव्याला रेल्वेनं उतरले. स्टेशनाबाहेर गंगाधर मोटारसायकल घेऊन उभे होते. ते नदीकाठच्या एका गावचे कोतवाल. गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढं वाचाल तेव्हा का ते कळेल. चाळिशीचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांच्या घरी आधी धपाटे आणि दही झालं. मग आम्ही नदीकडं निघालो.

काळ्या मातीबद्दल मी वाचलं होतं. ओल्या काळ्या मातीतून मोटारसायकल नेणं मात्र वाचून कळत नाही. दोनशे पावलांत चाक आणि पत्रा यांच्यामध्ये इतका चिखल भरला की चाक फिरेना. गंगाधरनी काडीनं चिखल काढला, पुन्हा भरला. शेवटी गाडी तिथंच टेकवून आम्ही चालायला लागलो. माझा एक बूट चिखलात रुतून राहिला. तो ओढून काढताना मी पडले. गंगाधर तोंड फिरवून हसले आणि मग मीही हसले.

नदीजवळ आलो तसं हसू थांबलं. बाभळींच्या फांद्यांवर, माझ्या डोक्याच्याही वर, कापसाच्या पऱ्हाट्या, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं होतं. शेतांतली वरची माती खरवडून गेली होती आणि खालचा मुरूम उघडा पडला होता.

मी नकाशाशी ताडून बघत होते. सगळं जुळत होतं. एका बांधाशी आल्यावर मी म्हणाले, "इथून परत फिरू. पुढं काही नाही."

"पुढं खालची वस्ती हाय की."

मी टॅबलेट बघितला. नदीच्या वळणावर एक राखाडी चौकोन होता. "ती ओसाड जागा आहे. नुसत्या पडक्या भिंती."

गंगाधर थांबले. "ओसाड कामून म्हनता, मॅडम?"

तेवढ्यात कुत्रं भुंकलं. बांधावर चढले तर समोर धूर दिसला. मग पत्रे, निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या, दगडावर भांडी घासणारी बाई, लोळणारी लेकरं. एकोणीस घरं. मी मोजली, कारण मोजण्याशिवाय त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. प्रत्येक घराच्या भिंतीवर, अगदी वळचणीपर्यंत, चिखलाची रेघ होती.

ती जागा मी ओळखत होते. तिथले कोपरेसुद्धा ओळखत होते. पण माझ्या जानेवारीतल्या चित्रात तिथं छप्परं नव्हती. वरून उघड्या खोक्यांसारख्या दिसणाऱ्या भिंती, ना कडब्याची गंज, ना जनावरं. मी ते चित्र मोठं करून बघितलं होतं, आणि 'ओसाड' अशी खूण केली होती. अर्ध्या मिनिटाचं काम.

भांडी घासणारी बाई उठून आली. रुक्मिणबाई, पन्नाशीच्या, कपाळ मोकळं. त्यांनी बसायला पोतं टाकलं. माझा चिखलाचा अवतार बघून पाणी दिलं. मी कसंबसं विचारलं, "तुम्ही जानेवारीत इथंच होतात का?"

"जानेवारीत आमी हितं कुटं असताव? कारखान्याला. दिवाळी झाली का मुकादमाचं ट्रॅक्टर येतंय, समदी वस्ती ऊसतोडीला जाताव. पाडव्याच्या आसपास माघारी."

"आणि घरांवरचे पत्रे?"

"काढून गावात ठिवताव नातलगाच्या घरी. न्हाईतर चोर नेतेत. ताडपत्री संगं नेताव, तिकडं कोपीवर टाकाय."

कोपी म्हणजे ऊसतोडीच्या जागी उभारतात ती झोपडी. ही माणसं जाताना आपलं छप्पर बरोबर घेऊन जातात. आणि पावसाळ्यात आभाळ ढगांनी भरलेलं असतं म्हणून घरांचा नकाशा करायला आम्ही नेमकी थंडीतली चित्रं घेतो. स्वच्छ असतात म्हणून.

काहिल

पुराचं मी विचारलं नव्हतं. रुक्मिणबाईंनी आपणहून सांगितलं.

"दुपारची येळ. भाकरी थापायलो व्हतो. पाऊस व्हताच तीन दिसांचा, पन नदी लांब व्हती. पानी पुढून आलंच न्हाई. मागल्या नाल्यानं आलं. वाटच गेली आधी. गडीमानसांनी लेकरं खांद्यावर घेतली, बांधावर नेली. शेजारची पोरगी आट दिसाची बाळंतीन. ती कशी चालंल?"

वस्तीत गुळाची एक जुनी काहिल पडलेली होती. रस उकळायची ती भली मोठी लोखंडी कढई. रुक्मिणबाईंच्या नवऱ्यानं, मारोतीनं, ती पाण्यात लोटली. रुक्मिणबाईंनी त्यांचं नाव घेतलं नाही, नाव मला गंगाधरकडून कळलं. बाळंतिणीला आणि बाळाला काहिलीत बसवून त्यांनी छातीएवढ्या पाण्यातून बांधावर नेलं.

"मंग म्हनले, चुलता ऱ्हायलाय. आंधळा हाय मानूस. म्या म्हनलं नका जाऊ आता, पानी वढ खायलंय. म्हनले, आलोच."

वस्तीतल्या बायका कामं टाकून जवळ येऊन बसल्या होत्या.

"काहिल गरगर फिरली. मग उलटी झाली. चुलता आढ्याला धरून बसला व्हता, त्यो वाचला. ह्ये दोन दिसांनी घावले. तिकडं, बाभळीपाशी."

मी विचारलं, "धरणातून पाणी सोडणार म्हणून कुणी कळवलं नाही?" हे विचारताना उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

उत्तर गंगाधरनी दिलं. ते उकिडवे बसले होते, मान खाली. "माझ्याकडं यादी आलती. कोनत्या वस्तीला फोन करायचा, कुटं ट्रॅक्टर धाडायचं. सकाळपून फोन लावायलो. समद्यांना लावले. खालची वस्ती यादीत न्हवती. मला ठाव होती की वस्ती. पन यादी समोर धरली आन यादीपरमानं करत गेलो. ध्यानातच आलं न्हाई." त्यांनी डोळे पुसले. "अजून बी मला झोप लागत न्हाई."

ती यादी माझ्या नकाशावरून झाली होती. गंगाधरना ते माहीत नव्हतं, वस्तीतही कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. "येते" म्हणाले आणि उठले. परतीच्या वाटेवर मी त्यांच्या मागं पाय ओढत चालले. गंगाधरना वाटलं, चिखलानं दमले.

संध्याकाळी त्यांच्या बायकोनं येसराची आमटी केली होती. वास इतका चांगला येत होता, पण मी अर्ध्या भाकरीवरच उठले.

दुसऱ्या दिवशी

सकाळी मी एकटीच चालत वस्तीवर गेले. रुक्मिणबाई चुलीपाशी होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "ती यादी ज्या नकाशावरून केली तो नकाशा मी काढलाय. तुमची वस्ती ओसाड आहे, असं मी लिहिलं. मी कधी येऊन बघितलं नव्हतं."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी टॅबलेट उघडून तो राखाडी चौकोन दाखवला. आणखी दोघीतिघी जमल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं त्या मारतील, निदान शिव्या देतील. मला ते चाललं असतं. पण रुक्मिणबाईंनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं.

मग म्हणाल्या, "वरून मानूस दिसत न्हाई व्हय?"

"नाही दिसत. छप्पर दिसतं."

"आन छप्पर नसलं का मानूस न्हाईच?"

मी टॅबलेट बंद केला.

गंगाधर मला शोधत येऊन मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्यावर चिडले नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं त्यानं मी आणखीच हादरले. पुरानंतर घरांचे पंचनामे झाले ते त्याच नकाशाच्या यादीवरून. खालच्या वस्तीचा पंचनामाच झाला नव्हता. निर्जन जागेचा पंचनामा कोण करील? राहिलेल्या जागांची दुसरी फेरी होती दिवाळीनंतर.

"तवा हितं कोन असतंय?" रुक्मिणबाई म्हणाल्या. "मुकादमाचं ट्रॅक्टर बारा दिसांनी यायलंय."

म्हणजे पथक येणार, रिकाम्या भिंती बघणार आणि लिहिणार की वस्ती ओसाड आहे. माझी चूक सरकारी कागदावर खरी ठरणार होती.

मी पुण्याला साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नवी माहिती मिळाली म्हणून नकाशा सुधारला, असं लिही. चूक हा शब्द नको. आपल्या बाकीच्या कामावर प्रश्न येतील."

"सर, एक माणूस गेलाय."

"मला कळतंय. तरी विचार कर."

मी विचार केला. त्याला वेळ लागला नाही. पत्रात चूक हाच शब्द लिहायचा ठरवला. मग आमच्या कार्यालयातल्या एका मैत्रिणीला सांगितलं, या वळणाची जुनी जितकी चित्रं मिळतील तितकी काढ. ढगांच्या फटीतली, उन्हाळ्यातली, दसऱ्याच्या सुमाराची. दुपारपर्यंत तिनं पाच वर्षांची चित्रं पाठवली. गंगाधरच्या ओट्यावर बसून मी ती ओळीनं लावली. मे महिन्यात एकोणीस छप्परं चमकतायत. ऑक्टोबरात आहेत. जानेवारीत एकही नाही. पुन्हा मेमध्ये आहेत. पाचही वर्षं तेच. सगळं तिथंच होतं. मी फक्त एकच चित्र उघडून बघितलं होतं.

वस्तीवर जाऊन मी ती चित्रं दाखवली. बायका-माणसं आपापलं घर ओळखायला लागली. रुक्मिणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही ताडपत्री ह्येंनी परभनीहून आनलती." बोट बराच वेळ तिथंच होतं.

तहसील

दोन दिवसांनी आम्ही तहसील कचेरीत गेलो. रुक्मिणबाई, वस्तीतले दोघं, गंगाधर आणि मी. अधिकारी तरुण होते, थकलेले; टेबलावर पुराच्या कागदांची चळत. त्यांनी चित्रं बघितली, माझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे तुमचा नकाशा चुकला, असं तुम्ही सहीनिशी देताय?"

"हो. नकाशा नाही चुकला, मी चुकले."

"मग बाकीच्या नकाशावर मी विश्वास कसा ठेवू?"

साहेबांनी सांगितला होता तोच प्रश्न. मी म्हणाले, "ठेवू नका. थंडीत रिकाम्या दिसलेल्या जागा मी आणखीही ओसाड लिहिल्यात. त्या सगळ्या पायी जाऊन बघायला हव्यात."

खुर्चीत मागं टेकून त्यांनी रुक्मिणबाईंकडं बघितलं. "मावशी, तुमच्याकडं राहत असल्याचा काही कागद?"

"कागद पुरात गेले, सायेब. मानूस बी गेला. म्या हाय."

त्यांनी माझं पत्र उचलून चळतीच्या सगळ्यांत वर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पथक वस्तीवर आलं. दोन दिवस पंचनामे चालले. भिंती मोजल्या, नावं लिहिली. मारोतीचं नाव लिहिताना कारकुनानं वय विचारलं. रुक्मिणबाई म्हणाल्या, "माझ्याहून सहा वर्सांनी मोठे," आणि मग त्याला त्यांचंही वय विचारावं लागलं.

माझं आठ दिवसांचं काम सोळा दिवसांवर गेलं. उरलेल्या दिवसांत गंगाधर आणि मी राखाडी जागा बघत फिरलो. पहिल्या तिन्ही ठिकाणी चुली पेटलेल्या होत्या. चौथी जागा खरोखर ओसाड निघाली, तेव्हा मी त्या पडक्या भिंतींत उभी राहून रडले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. गंगाधर लांब जाऊन तंबाखू मळत बसले.

नव्या यादीत आता खालची वस्ती आहे. प्रत्येक घराचे दोन फोन क्रमांक आहेत, आणि कोण कुठल्या महिन्यात कुठं असतं तेही आहे. आमच्या कार्यालयातही आता घरांचा नकाशा एका ऋतूच्या चित्रावरून करायचा नाही असं ठरलं. ते मान्य करून घ्यायला मला तीन बैठका लागल्या आणि साहेब अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. वस्तीला वरच्या अंगाला, गायरानात जागा मिळावी म्हणून अर्ज केला आहे. त्याचं काय होईल माहीत नाही.

निघताना

ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी मी निघाले. गंगाधर चुडाव्याला सोडायला आले. स्टेशनावर बघते तर रुक्मिणबाई बाकावर बसलेल्या. गावच्या जीपनं आल्या होत्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"वाटंत खा."

मी घेतलं. पिशवीत ठेवलं. मग त्या बोलल्या.

"तुमी खरं सांगितलं ते बरं केलं. दुसऱ्यानं सांगितलं नसतं."

मी मान खाली घातली.

"पन मला तुमचा राग हाय. लय राग हाय. त्यो जायचा न्हाई, सांगून ठिवते."

"नका घालवू," मी म्हणाले.

गाडी येताना दिसली. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मिरगाच्या आधी एकदा या. आमी समदे असताव हितं. मोजून जा."